बाहेरचा कोयंडा

"हॅलो? … हॅलो, अहो, येतंय का ऐकू? … मीच बोलतेय. कुठं आहात तुम्ही? … अहो उठले कसली, उठवलं मला. भोंगा वाजतोय. … इमारतीत, इथंच, दाराबाहेर. थांबा, ऐका हा."

तिनं हात लांब करून फोन दाराकडे धरला. भोंगा गिरणीच्या भोंग्यासारखा लांब सूर धरणारा नव्हता. तुकड्यातुकड्यानं वाजत होता, दाताच्या डॉक्टरानं सुईनं नस शोधावी तसा.

ती नर्स होती. परक्या देशातल्या या शहरात नवरा-बायकोला येऊन नऊ दिवस झाले होते, आणि नव्या इस्पितळातली तिसरी रात्रपाळी करून ती सकाळी अंथरुणावर पडली होती. आता अकरा वाजले होते. नवरा सुतार. त्याला इथं अजून काम नव्हतं, म्हणून तो लाकडाची वखार शोधायला बाहेर पडला होता. नव्या गावी गेलं की माणसं आधी देऊळ शोधतात, हा वखार शोधत होता. घ्यायचं काही नव्हतं, नुसता लाकडाचा वास घेऊन येतो म्हणाला होता.

"भोंगा म्हणजे आगच असणार ना. … वास येतोय थोडा. प्लॅस्टिक जळाल्यासारखा. … बाहेर पडू? कशी पडू? … विसरलात? कुलूप घालून गेलायत तुम्ही. … हो, तेच. कोयंडा. … हॅलो? … अहो, बोला ना काहीतरी."



या कोयंड्याची गोष्ट अशी. तिकडं घरी ती रात्रपाळी करून झोपली की तो कामाला जाताना पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालून जायचा. कुलूप दिसलं की दूधवाला, वर्गणीवाले, शेजारच्या काकू, सगळे परत फिरायचे आणि हिची झोप व्हायची. ही रीत तिनंच लावलेली, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. इथं पहिल्या दोन रात्रपाळ्यांनंतर तिच्या झोपेत तीनदा बेल वाजली. एकदा मीटर बघणारा, एकदा केअरटेकर, एकदा दुसऱ्याच कुणाचं पार्सल. इथल्या दाराला आपोआप बसणारा खटका, त्याला कडी नाही की कोयंडा नाही. सुताराला तसल्या दाराचा भरवसा वाटेना. त्यानं ट्रंकेतून कडी, कोयंडा आणि घरचं पितळी कुलूप काढलं आणि तीन इंची स्क्रू पिळून अर्ध्या तासात बाहेरून बसवून टाकलं. तिनं कडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, आता कुठं घरासारखं वाटतंय.

आत्ता मात्र तिनं मूठ फिरवून दार ओढलं तर उजेडाची एक रेघ तेवढी दिसली. काम पक्कं होतं. करंगळीही जाणार नाही इतकं पक्कं.

"तुम्ही या आधी. … कुठल्या बसमध्ये? … उलट्या दिशेला? अहो, नंबर बरोबर आणि दिशा उलटी, हे तुम्हालाच जमतं. … ते नंतर. खांबावर लाल बटण असेल, ते दाबा. दाबलंत? … उतरा. … आता सांगा काय काय दिसतंय. … पूल. बरं, आणि? … लाल-पांढऱ्या पट्ट्यांची चिमणी दिसते का, उंच? … दिसते ना? ती आपल्या खिडकीतूनही दिसते. डाव्या हाताला. तुम्ही पुलाकडून येताय म्हणजे ती उजव्या हाताला ठेवा आणि चालत राहा. … चालत कसले, पळा."

बोलता बोलता ती खिडकीशी गेली. खिडकी वीतभर उघडायची, पुढं लोखंडी अडसर. ही चौथ्या मजल्यावर. खाली गाड्या लावायच्या जागेत माणसं जमली होती. एकाच्या पायात एकच बूट होता. एका बाईनं टोपलीत मांजर आणलं होतं. ज्याला जे सुचलं ते घेऊन तो खाली उतरला होता आणि सगळे मान वर करून बघत होते.

"नाही हो, खिडकीतून मांजरसुद्धा जायचं नाही. … थांबा. कुणीतरी येतंय. … बाहेरून. एकेक दार वाजवत येतंय. … बोलू नका तुम्ही."

तिनं फोन छातीशी दाबला. पावलं दाराशी थांबली. मूठ दोनदा दारावर आदळली आणि एक पुरुषी आवाज काहीतरी मोठ्यानं म्हणाला. कमरेच्या किल्ल्या वाजल्या, त्यावरून तो केअरटेकर होता हे तिला कळलं. मग कुलूप हललं. त्यानं ते हातात घेऊन झटकलं होतं. ती दारापासून वीतभर अंतरावर उभी होती. तोंड उघडलेलं होतं, हाक घशापर्यंत आलेली होती, आणि तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं.

पावलं पुढं गेली. पुढच्या दारावर मूठ वाजली, मग जिन्यावर पावलं उतरत गेली.

"गेला. … केअरटेकर. … कुलूप बघून गेला. आत कुणी नाही असंच वाटणार ना, त्यासाठीच तर लावतो आपण. … नाही मारली हाक. … नाही मारली म्हणजे नाही मारली. ओरडू नका, सांगते ना. … अहो ऐका तर. मोठ्या सिस्टरनं पहिल्या दिवशी आम्हा नव्या नर्सना चित्रं दाखवली होती. एकात बंद दार होतं, बाहेर कुलूप आणि आत बाई. खाली फोन नंबर. … काय असणार? घरातल्या माणसानं बाईला असं कोंडलं तर पोलीस त्याला नेतात. आणि बाहेरून आलेला असला तर विमानात बसवून परत. … हो, म्हणून गप्प राहिले. … तुम्हाला नेलं तर मी काय करू इथं? … झोपेसाठी लावलं हे कुणाला सांगू, कसं सांगू? मला त्यांच्या भाषेत झोप म्हणता येतं. कुलूप नाही म्हणता येत."

तिला त्या भाषेतली तीसेक वाक्यं येत होती आणि ती सगळी खाटेजवळची होती. कुठं दुखतं. दार लावू का. श्वास घ्या. भीती वाटते का. घाबरू नका, मी आहे. भाकरी थापावी तशी ती वाक्यं तिनं रोज थापून थापून तोंडात बसवली होती. या वाक्यांवर तिनं तीन रात्री काढल्या होत्या. पण त्यात स्वतःसाठी असं एकही नव्हतं.

फोनमध्ये तो काय म्हणाला कोण जाणे, ती पुन्हा खिडकीशी गेली. खाली केअरटेकर हातात यादी घेऊन माणसं मोजत होता. मोजता मोजता त्यानं वर बघितलं, आणि ती पडद्याआड झाली. आपण हे काय करतोय हे तिला कळत होतं. तरी पाय आपोआप मागं आले.

मग वळून तिनं दाराकडे बघितलं.

"अहो. … अहो, धूर यायला लागला. … खालून, फटीतून. … थोडा नाही. येतोच आहे. … हो, ओरडते. आता ओरडते. काय व्हायचं ते होऊ दे."

तिनं खिडकीच्या वीतभर फटीतून हात बाहेर काढून पांढरा टॉवेल हलवला आणि ओरडली. शब्द नव्हता, नुसती हाक. भोंग्यानं ती तिथल्या तिथं गिळली. खाली सगळ्यांच्या माना आता दुसऱ्या बाजूला वळल्या होत्या, कारण रस्त्याच्या टोकाला बंबाची लाल गाडी आली होती. केअरटेकर गाडीकडे पळत होता. यादी त्याच्या हातात होती, आणि त्या यादीत यांचं घर, चौदा नंबर, रिकामं होतं.

"नाही बघत कुणी. … बघत नाहीत हो. मघाशी बघत होता तेव्हा मी लपले. … बंब आलाय, आता आणखी कुणाला फोन करू? … आणि तुमचा फोन ठेवणार नाही मी. सांगून ठेवते. काही झालं तरी ठेवणार नाही."

टॉवेल तिनं नळाखाली धरला आणि दाराच्या फटीत कोंबला. हात तिचे पक्के होते, म्हाताऱ्या माणसाची लपलेली शीर पहिल्या टोचणीत शोधून काढणारे. आज मात्र ते दुसऱ्याच कुणाचे वाटत होते. ती जमिनीवर बसली, कारण धूर वर जातो, हे ती दुसऱ्यांना शिकवत आली होती.

"काय? … बिजागऱ्या? … आतल्या बाजूला आहेत. तीन. … खिळा म्हणजे वर टोपीसारखं दिसतं ते? … हो, आहे. पण रंग बसलाय, थरावर थर. … पेटी ना, खाटेखाली. ओढतेय. … उघडली. बाई गं, किती हत्यारं ही. … पिवळ्या मुठीची पटाशी आहे, ही घेऊ? … नको? अहो, आत्ता तरी त्या पटाशीची माया सोडा. … बरं, बरं. छोटी. मुठीला सुतळी गुंडाळलेली. आणि हातोडी. घेतली. … खालची बिजागरी आधी? का? … बरं, का ते नंतर सांगा."

तिनं फोनचा मोठा आवाज लावून तो जमिनीवर ठेवला. पटाशीचं टोक खिळ्याच्या टोपीखाली धरलं आणि हातोडी मारली. पहिला घाव चौकटीवर बसला. दुसरा अंगठ्यावर. तिसऱ्याला रंगाचा पापुद्रा उडाला आणि खिळा तीळभर वर सरकला. मग तिला लय सापडली. खालचा खिळा घरंगळत जमिनीवर पडला तेव्हा तिला भोंगासुद्धा क्षणभर ऐकू आला नाही.

"निघाला. … खालचा. … हो, मधला घेते आता. तुम्ही कुठपर्यंत आलात? चिमणी उजव्या हातालाच आहे ना? … मग धापा टाकत बोलू नका, पळा. मी बोलते."

मधला खिळा हलेना. रंगानं तो बिजागरीशी सांधला गेला होता. चार घाव घातले, सहा घातले. धूर टॉवेलला वळसा घालून आत येऊ लागला आणि तिला पहिला ठसका लागला. फोनमधून सूचना येत होत्या. ती उठून न्हाणीघरातून खोबरेलाची बाटली घेऊन आली आणि बिजागरीवर धार धरली. जळक्या प्लॅस्टिकच्या वासात एकदम घरचा वास मिसळला. तिला रडू आलं. मघापासून आलं नव्हतं, ते त्या वासानं आलं.

"नाही निघत. … मारले हो. तेल घातलं. … नाही होत माझ्याच्यानं. … अहो, तिकडं मागचं दार होतं. … तिकडं, आपल्या घराला. पुढं कुलूप असलं तरी मागचं दार होतं, न्हाणीशेजारी. मी उठून तिथनंच तर बाहेर पडायचे. … दोघांनाही आठवलं नाही. तुम्ही कोयंडा बसवलात, मी त्याच्यावरनं हात फिरवला, आणि मागच्या दाराची आठवण दोघांनाही नाही. … नाही, तुम्हाला बोल लावत नाही. … रडू नका तुम्ही. रस्त्यात रडत पळू नका, लोक काय म्हणतील."

ती पुन्हा गुडघ्यावर बसली. श्वास आत घेताना घसा खरवडत होता. तेव्हा ती मोठ्यानं बोलू लागली, आपल्या भाषेत नाही, त्या भाषेत. श्वास घ्या. श्वास घ्या. घाबरू नका, मी आहे. तीन रात्री परक्या म्हाताऱ्यांना जे सांगितलं तेच ती बंद खोलीत सांगत होती, एका घावाला एक वाक्य. छोटी पटाशी सटकली आणि तिच्या तळहातावर रक्ताची रेघ उमटली.

"काही नाही, लागलं जरा. … घेतली मी पिवळी. … विचारत नाहीये, सांगतेय. धार गेली तर नंतर काय बोलायचं ते बोला मला."

पिवळ्या मुठीची पटाशी वजनाला चांगली होती. तिसऱ्या घावाला खिळा कुरकुरला, पाचव्याला निघाला. वरचा खिळा त्या मानानं सरळ आला. दार कडेला किंचित खाली बसलं. आता ते चौकटीत नुसतं टेकलेलं होतं, आणि दुसऱ्या बाजूनं कुलपाला लोंबकळत होतं.

"तिन्ही निघाले. … पटाशी फटीत घालून आत ओढू? … ओढते. जड आहे. … येतंय. … येतंय हो. … फोन खिशात टाकतेय. बोलू नका, पण ठेवू नका."

दार तिच्या अंगावर आलं. तिनं ते खांद्यावर घेतलं आणि बिजागऱ्यांच्या बाजूनं, चौकट आणि फळी यांच्या मधून, वाकडी होऊन बाहेर सरकली. कोयंडा, कडी आणि कुलूप जागच्या जागी होतं. सुताराच्या हाताला नाव ठेवायला जागा नव्हती. बाहेरच्या वाटेत धुरामुळं समोरची भिंत दिसत नव्हती. फटीतला ओला टॉवेल उचलून तोंडावर धरून, डावा हात भिंतीला लावून ती चालली. जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरली. दुसऱ्या मजल्यावर गणवेशातली दोन माणसं नळी घेऊन वर येत होती. त्यातल्या एकानं तिला बघून काहीतरी म्हटलं आणि तिला पाठीशी घेऊन खाली आणून सोडलं.

"हॅलो? … आहे. आहे मी. खाली आहे. … भाजलं नाही कुठं. … तळघरात कपडे धुण्याची यंत्रं आहेत ना, तिथलं एक पेटलं म्हणे, हातवारे करून सांगत होते. … अहो, श्वास घ्या आधी तुम्ही. … आता ऐका, हळू बोलतेय मी. केअरटेकर माझ्याकडे बघतोय. तोंड पांढरं पडलंय त्याचं. यादीत बघतो, परत माझ्याकडे बघतो. … हो, त्यानंच कुलूप हलवलं होतं. हातानं किल्ली फिरवल्यासारखं करून विचारतोय. … एका बाईला बोलावलंय त्यानं. गणवेशातली आहे. … बंबवाली नाही. कमरेला वही आहे."

ती बाई जवळ आली. तिनं घोंगडीसारखं काहीतरी नर्सच्या खांद्यावर टाकलं, रक्त आलेला तळहात उलटून बघितला, आणि अगदी सावकाश एक प्रश्न विचारला. नर्सला तो पहिल्या फटक्यात कळला. रोज रात्री ती स्वतःच तो विचारत होती.

"विचारतेय, भीती वाटते का. … हो म्हणाले. … खोटं कशाला बोलू? वाटते. … आता विचारतेय, कुणाची. … तुम्ही गप्प बसा जरा. मला शब्द जुळवू दे."

फोन कानाला तसाच ठेवून तिनं त्या भाषेत उत्तर दिलं, खाटेजवळच्या तीस वाक्यांतून एकेक तुकडा उचलून. नवऱ्याची नाही. दाराची. मग तिनं दोन्ही तळहात गालाखाली ठेवून मान कलती केली. रात्री काम. दिवसा झोप. नवरा, माझी झोप. पुढं शब्द संपले, तेव्हा तिनं मघाच्या केअरटेकरसारखी हवेत किल्ली फिरवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मीसुद्धा, असं तिला म्हणायचं होतं. कुलूप आम्हा दोघांचं आहे.

बाईनं ऐकून घेतलं. वहीत लिहिलं. वही मिटली मात्र नाही.

"कळलं तिला थोडं. … नाही, हसली नाही. … नवरा कुठं आहे, विचारतेय. … दिसलात. कोपऱ्यावर, झाडाखाली. … थांबलात का? … हो, पोलिसाचीच गाडी आहे ती. … अहो, तिथं उभे राहू नका. … ऐका माझं. आत्ता मागं फिरलात तर सिस्टरनं दाखवलेलं ते चित्र खरं होईल. मी सांगितलेलं सगळं खोटं पडेल. … मलाही वाटते. मीही घाबरलेय. … या. सरळ चालत या. पळू नका आता. … किल्ली कुठं आहे? … काढा. हातात धरा, तिला दिसेल अशी."

तो आला. सदरा घामानं पाठीला चिकटला होता, एका हातात फोन कानाशी, दुसऱ्या हातात किल्ली देवाची उदबत्ती धरावी तशी पुढं धरलेली. वहीवाली बाई त्याच्याकडे बघत होती, केअरटेकर बघत होता, मांजरवालीही बघत होती. तो बायकोच्या समोर येऊन उभा राहिला तरी फोनवरच बोलत होता. त्याचे शब्द तिला दोनदा ऐकू आले, एकदा समोरून आणि मागोमाग एकदा कानात.

"कळलं," ती म्हणाली. "फोन ठेवा आता. समोरच उभी आहे मी."

त्याला ठेवता येईना. हात आखडला होता. मग तिनंच आपला ठेवला, आणि लागलेला हात पुढं केला. त्यानं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती त्या बाईच्या उघड्या वहीवर ठेवली आणि नवऱ्याचा हात धरून, पुढचा प्रश्न येईपर्यंत, तशीच उभी राहिली.